पूल म्हणजे वाघ

झरी जामणी तालुक्यातल्या त्या पोडावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीत चित्रकार्डांचे दोन संच होते. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. सागाच्या जंगलाला लागून तीसेक घरं, एक हातपंप आणि जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. चारही वर्ग मिळून सतरा मुलं आणि एकच गुरुजी. यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी जीप आणि शेवटचे तीन किलोमीटर पायी. गुरुजींना जमलं तर ते मोटरसायकल घेऊन फाट्यावर यायचे. पण एकट्याची शाळा, ती सोडून निघणं त्यांना सहसा जमायचं नाही.

मी ज्या संस्थेत काम करते ती शाळांसाठी पुस्तकं, कार्डं, सरावाच्या वह्या तयार करते आणि विकते. यवतमाळात एका जुन्या डाळमिलच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. खाली मिल चालू झाली की वरच्या टेबलांवर पेन्सिली थरथरतात आणि संध्याकाळपर्यंत कागदांवर तुरीच्या फोलपटाची धूळ बसते. ही संस्था एका निवृत्त शिक्षिकेनं सुरू केली. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. चित्रकार एक, हिशेब आणि पार्सलं पाहणारे एक काका, आणि मजकूर लिहायला मी. एवढीच माणसं. सरकारी शाळा, आश्रमशाळा, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या संस्था आमचं साहित्य घेतात. छापण्याआधी ते एखाद्या शाळेत नेऊन मुलांसमोर ठेवून पाहायचं, हा ताईंचा नियम. ते काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी मी पहिलीच्या मुलांना जवळ घेऊन बसले. 'प'ची कार्डं मांडली. पतंग, पान, पूल. समोर एक सहा वर्षांची मुलगी होती, बारीक, गळ्यात काळा दोरा. मी तिला म्हटलं, "यातला पूल कुठे आहे, दाखव."

तिनं तिन्ही कार्डं पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग एकेक कार्ड उचलून उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पाहिलं. मी पुलाच्या चित्रावर बोट ठेवून म्हटलं, "हा बघ पूल." ती थोडी मागे सरकली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी वहीत लिहिलं, चित्र ओळखता येत नाही, पुन्हा काढावं लागेल.

दारात शाळेचा पोषण आहार शिजवणारी बाई उभी होती. हातात खिचडीचा सराटा तसाच.

"बाई," ती म्हणाली, "तिले त्याच्यात वाघ दिसून नाही राह्यला."

"वाघ?"

"आमच्या बोलीत पुल म्हंजे वाघ. तुमी तिले म्हनता, वाघ दाखव. अन् तिथं तर नाल्यावरचा रस्ता हाये."

गुरुजी हसले. मीही हसले. मुलगी हसली नाही. तिला अजून वाटत होतं की वाघ कुठेतरी असणार, आणि तो तिला सापडत नाही ही तिची चूक आहे.

परतीच्या एस.टी.त मला माझी शाळा आठवली. मी उमरखेडची. अब्बांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज, घरात आमची हिंदी. आम्हा बहिणींना मराठी शाळेत घातलं, कारण ती घराजवळ होती. पहिलीत बाईंनी कांद्याचं चित्र दाखवून विचारलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "प्याज." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट मनानं नव्हे. पण त्यानंतर पूर्ण वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही. अम्मी शाळेत मला न्यायला यायची तर मी तिला लांब झाडाखाली उभी राहायला सांगायचे, तिनं मला कुणासमोर हाक मारू नये म्हणून. पुढे डी.एड. केलं, शिक्षक भरतीची वाट पाहत तीन वर्षं घरी काढली, आणि मग या संस्थेत आले. इतक्या वर्षांत ते झाड मला कधी आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंना मी पुलाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण त्या लेकरांना परक्याच्या भाषेत वाघ शोधायला लावतोय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या बाईला विचार, आपल्याला शब्द देशील का?"

असं ते पुस्तक सुरू झालं. डाव्या पानावर कोलामी, उजव्या पानावर मराठी, मध्ये चित्र. पहिलीतल्या मुलाला घरचं बोट धरून शाळेच्या भाषेत नेणारं पुस्तक, असं ताई म्हणायच्या.

मी दोन वर्षं त्या पोडावर जात राहिले. शब्द देणारी ती बाई पन्नाशीची असेल. मी तिला मावशी म्हणायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गळ्यात काळा दोरा घातलेली ती मुलगी तिची नात. मुलीची आई बाळंतपणात गेली आणि बाप कामासाठी तेलंगणात गेला तो तिकडेच दुसरं घर करून राहिला. नात आजीजवळच वाढली. मावशी स्वतः शाळेत शिकायला कधी गेली नव्हती, पण त्या शाळेत तिनं नऊ वर्षं खिचडी शिजवली होती. नव्या गुरुजींना मुलांचं कळत नसे आणि मुलांना गुरुजींचं. मग गुरुजी स्वयंपाकखोलीकडे तोंड करून विचारायचे, "मावशी, हा काय म्हणतोय?" आणि ती चुलीपासून न उठता सांगायची, "त्याचं पोट दुखून राह्यलं," नाहीतर, "तो म्हनते, त्याच्या घरी बकरी व्याली."

ती सुपात तांदूळ निवडत बसायची आणि मी समोर वही घेऊन. सुरुवातीला मी मराठी शब्द विचारायचे आणि तिनं कोलामी शब्द सांगायचा, असं ठरलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पाणी?"

"ईर."

मी लिहिलं. "झाड?"

तिनं सूप खाली ठेवलं. "असं नको इचारू. पानी काई एकटं येते का? कोनाले पाहिजे, कायले पाहिजे, ते सांग. मंग मी सांगतो."

म्हणून आम्ही वाक्यं करायला लागलो. तहानलेल्या वासराला पाणी. आंधळ्या म्हाताऱ्याला पाणी. मुसळधार पावसात नाल्याचं पाणी, ज्यात पाय टाकायचा नाही. प्रत्येक वाक्याला तिच्याजवळ माणूस होता. ती वाक्यं मी यवतमाळात ताईंना वाचून दाखवायचे तेव्हा खाली मिल चालू असली तरी त्या जवळ येऊन ऐकायच्या.

चित्रंही तिच्यासमोर ठेवायची. चित्रकारानं एक घर काढलं होतं, कुडाचं, सुंदर. तिनं कागद लांब धरून पाहिला. "हे पोलीस पाटलाचं घर हाये का?"

"नाही, पोडावरचंच."

"मंग दरवाजा कायले येवढा उंच? आमच्या घरात वाकून जा लागते."

चित्रकारानं दरवाजा खाली आणला. त्यानं ते चित्र चार वेळा काढलं आणि चौथ्यांदा ती म्हणाली, "आता जाता येते."

नात आमची पहिली वाचक. एकेक पान तयार झालं की आम्ही आधी तिच्यापुढे ठेवायचो. डावं पान ती धडाधड म्हणायची, शब्द ओळखून नव्हे तर आजीचं वाक्य आहे म्हणून. मग बोट उजव्या पानावर न्यायची आणि थांबायची. हळूहळू तिला कळलं की दोन्हीकडे एकच गोष्ट आहे. ते कळलं त्या दिवशी ती पुस्तकाचे सुटे कागद छातीशी धरून स्वयंपाकखोलीत पळाली आणि आजीला वाचून दाखवायला लागली, एकदा इकडचं, एकदा तिकडचं. गुरुजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, माझ्या नोकरीत हे पहिल्यांदा पाहतोय."

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात शाळा बंद होणार असं लोक बोलायला लागले. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिळवायच्या, अशी हवा सगळीकडेच होती. पोडावरच्या दोन घरांनी मुलांना आश्रमशाळेत घालायचं ठरवलं. एका दुपारी मावशीनं मला विचारलं, "हे पुस्तक झालं की शाळा राहीन ना?"

मी म्हटलं, "राहील, मावशी. हे पुस्तक इथं झालं. बघायला मोठी माणसं येतील. अशी शाळा कोण बंद करील?"

मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं. पण आता मागे पाहिलं तर हेही खरं की पुस्तकाची शेवटची बारा पानं बाकी होती आणि तिनं उमेद सोडू नये, हे मला हवं होतं. ती घरोघर गेली. त्या दोन घरांना तिनं सांगितलं, यवतमाळच्या बाईनं सांगतलं, शाळा राहते. त्यांनी मुलं काढली नाहीत.

उन्हाळ्यात चौथीची मुलं बाहेर पडली. वरच्या वर्गाला दुसऱ्या गावी जायचंच होतं. पट अकरावर आला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी वरून आदेश आला की ही शाळा नाल्यापलीकडच्या, चार किलोमीटरवरच्या शाळेत मिळवली आहे. गुरुजींची बदली झाली. त्यांनी फोन करून मला सांगितलं तेव्हा मी छापखान्यात उभी होते. पुस्तकाचे शेवटचे प्रूफ माझ्या हातात होते.

ताईंनी अर्ज लिहिला, स्वतः घेऊन गेल्या. अधिकाऱ्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला, पुस्तकाची पानं मनापासून चाळली. म्हणाले, "काम फार छान आहे, ताई. पण पट नाही, त्याला मी काय करू?" ताई परत आल्या आणि पायऱ्या चढताना मध्येच बसल्या. त्यांना तसं बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

पोडावरच्या लोकांनी लहान पोरांना नाला ओलांडून पाठवायला नकार दिला. पावसाळ्यात त्या नाल्याला पूर येतो, तिथून पोरं पाठवणं कुणालाही पटलं नसतं. मग पन्नासेक किलोमीटरवरच्या एका आश्रमशाळेची गाडी आली आणि एका सकाळी अकरापैकी नऊ मुलं घेऊन गेली. मावशीची नात त्यांतच होती.

पुस्तकं जुलैत छापून आली. मी पहिल्या गठ्ठ्यातल्या पाच प्रती घेऊन पोडावर गेले. शाळेला कुलूप होतं. मैदानात गवत वाढलं होतं. मावशी घरासमोर मोहाच्या बिया फोडत बसली होती. शाळा गेली तसं तिचं शिजवण्याचं कामही गेलं होतं. तिनं हात लुगड्याला पुसले आणि पुस्तक घेतलं. पानं सावकाश उलटली. वासराचं चित्र, म्हाताऱ्याचं चित्र. घराच्या चित्रापाशी थांबली आणि दरवाज्यावरून बोट फिरवलं. मी तिच्या बाजूला बसले.

पुस्तक मिटून ती म्हणाली, "तू म्हनलती, राहीन म्हनून."

"हो, मावशी."

"मी बी सगळ्यायले तेच सांगतलं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बोलायला काही सुचलं असतं. तिला वस्तीत त्या दोन घरांसमोरून रोज जावं लागत होतं. त्यांची मुलं ऐनवेळी गेली, तयारी नाही, जवळच्या आश्रमशाळेतल्या जागा भरलेल्या, म्हणून लांबच्या ठिकाणी. हे मला तिनं सांगितलं नाही. बाजूला राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेनं सांगितलं. मावशीला बरं नसलं की ही जाऊच शाळेत शिजवायला यायची, म्हणून मी तिला ओळखत होते.

निघताना मावशीनं विचारलं, "त्या शाळेत तुमची पुस्तकं जाते का?"

"जातील. आम्ही पाठवणार आहोत."

"मंग तू जाशीन. पोरीले पाहून ये. आपली बोली बोलते का, ते पाहून ये."

त्या वर्षी आमच्या संस्थेचं सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक तेच. शेजारच्या जिल्ह्यांतून मागणी आली, सीमेपलीकडून आली. काका पार्सलं बांधून थकले. पुण्यात एका कार्यक्रमात ते पुस्तक मांडलं गेलं आणि मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी पुलाची गोष्ट सांगितली. मुलगी कार्ड उलटं करून पाहते, तिथं सभागृह हसलं, मग मावशीच्या वाक्यावर टाळ्या पडल्या. ती शाळा आता नाही, हे मी सांगितलं नाही. पाच मिनिटांत बसत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. जेवताना एक बाई येऊन म्हणाल्या, "किती गोड अनुभव आहे हो तुमचा."

आश्रमशाळेत मी डिसेंबरात गेले. त्यांनी पुस्तकाचे संच घेतले होते आणि शिक्षकांना ते कसं वापरायचं हे दाखवायचं होतं. शाळा वाईट नव्हती. मुली स्वच्छ, अंगात स्वेटर, जेवण बरं. मुख्याध्यापक नीट बोलले. मी विचारल्यावर तिसरीच्या वर्गातून नातीला बोलावलं. ती उंच झाली होती. गळ्यातला काळा दोरा नव्हता, केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. ती मला ओळखून "नमस्ते मॅडम" म्हणाली.

आम्ही व्हरांड्यात बसलो. मी पुस्तक उघडलं, वासराचं पान. तिनं उजवं पान वाचलं. न अडखळता, स्पष्ट, पूर्णविरामाला थांबून. मला फार आनंद झाला. मी म्हटलं, "आता हे," आणि डाव्या पानावर बोट ठेवलं.

तिनं पुस्तकावरचा हात काढून घेतला.

"हे तर तुला पाठ होतं. आजीचं आहे."

तिनं व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथं दोन मुली बादली घेऊन उभ्या होत्या. मग हळू आवाजात म्हणाली, "ते नाही म्हणायचं."

"कोण म्हणतं? सर?"

"सर नाही. सगळे हसतात."

"इथं आता कोणी हसणार नाही. मी आहे ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त संध्याकाळपर्यंत आहे, हे तिला माहीत होतं. तिनं पुस्तक अगदी नीट मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "जाऊ का?"

दुपारी मी शिक्षकांसमोर अडीच तास बोलले. ते लिहून घेत होते. त्यांच्यात कोलामी येणारं कुणीच नव्हतं. एका तरुण शिक्षकानं विचारलं, "मॅडम, डावीकडचा उच्चार आमच्याकडून चुकला तर चालेल का?" मी म्हटलं, मुलांना विचारा, मुलं सांगतील. बोलताना मला व्हरांडा दिसत होता.

जानेवारीत पोडावर गेले. मावशी वाळली होती. खोकत होती. तिनं काळा चहा केला, गूळ घालून. मी आश्रमशाळेचं सगळं सांगितलं. स्वेटर आहे, जेवण बरं आहे, वजन वाढलंय, वाचते फार छान. ती ऐकत होती आणि मध्येमध्ये मान हलवत होती. मग म्हणाली, "अन् बोली? बोलते का?"

मी म्हटलं, "बोलते, मावशी. मैत्रिणींसोबत बोलते."

"बरं," ती म्हणाली. आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

एप्रिलात ती गेली. ताप अंगावर काढला होता. आधी तालुक्याला नेलं, तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं ती दोन दिवस होती आणि तिसऱ्या दिवशी पहाटे संपली. मला हे आठ दिवसांनी कळलं, बदली झालेल्या गुरुजींच्या फोनवरून. त्या दोन्ही दिवशी मी ऑफिसात होते. दवाखाना आमच्या डाळमिलपासून चालत वीस मिनिटांवर आहे. सोबत आलेल्या जावेजवळ माझा नंबर नव्हता. तो शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता आणि त्या खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी मला रसवंतीजवळ एक काम होतं, मी त्या दवाखान्याच्या फाटकासमोरून रिक्षानं गेले होते. हे आठवलं की मला अजूनही बसल्या जागी उठून उभं राहावं लागतं.

मी पोडावर गेले. जाऊबाईच्या अंगणात बसले. नातीला दिवसांसाठी आणलं होतं, पण परीक्षा होती म्हणून ती परत गेली होती. मग मी जाऊबाईंना सांगून टाकलं. मी मावशीला खोटं सांगितलं होतं, पोरगी तिथं बोली बोलत नाही, मला विचारलं तेव्हा मी बोलते म्हणाले. हे बोलताना मला रडू आलं. जाऊबाई मात्र शांत होत्या.

"तिले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोरगी दिवाळीले आलती ना पंधरा दिवस. बुढीनं कोलामीत इचारलं, तर पोरगी मराठीत बोले. दोन दिवस तिनं वाट पाह्यली. मंग बुढीच मराठीत बोलाले लागली तिच्यासंगं."

मी दिवाळीनंतर, डिसेंबरात तिथं गेले होते. म्हणजे जानेवारीत मावशीनं मला विचारलं, तेव्हा तिला उत्तर आधीच ठाऊक होतं.

"मग मला का विचारलं?"

जाऊबाईंनी खांदे उडवले. "तुह्या तोंडून ऐकाचं असन. तू शिकेल बाई, तुले काई तरी दिसलं असन, असं वाटलं असन." मग म्हणाल्या, "तू गेल्यावर मले म्हने, बाई चांगली हाये, मले वाईट वाटू नये म्हनून बोलली. लय नको मनाले लावू."

त्या उठल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या. मी जेवून निघावं असा त्यांचा आग्रह होता. मी जेवले. मिरचीचा ठेचा इतका तिखट होता की डोळे पुसायला एक कारण झालं.

त्याला आता दोन वर्षं झाली. पुस्तक अजून विकलं जातं. दुसरी आवृत्ती काढताना ताईंनी विचारलं, काही बदलायचं आहे का? मी म्हटलं, मावशीचं नाव घालायला हवं. पहिल्या आवृत्तीत आम्ही "पोडावरील ग्रामस्थांचे आभार" एवढंच छापलं होतं आणि ते वाक्य मीच लिहिलं होतं. आता पहिल्या पानावर तिचं नाव आहे. ती असती तरी तिला ते वाचता आलं नसतं, पण नातीनं वाचून दाखवलं असतं.

नात आता पाचवीत आहे. वर्गात पहिली असते. मी वर्षातून दोनदा कामासाठी त्या शाळेत जाते आणि तिला भेटते. ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते, माझ्यापेक्षाही स्वच्छ. कोलामीचा विषय मी काढत नाही. तिचे तिचे दिवस आहेत आणि ते तिला एकटीला काढायचे आहेत, एवढं मला माझ्या लहानपणावरून कळतं.

यंदाच्या पहिल्या खेपेला ती सरावाची वही घेऊन माझ्याकडे आली. ती वही आमचीच. त्यात 'माझं कुटुंब' नावाचं एक पान आहे. एक चौकट आहे आणि खाली सूचना, घरातल्या मोठ्या माणसाचा फोटो इथं चिकटवा आणि त्यांच्याबद्दल पाच वाक्यं लिहा. ते पान मी लिहिलेलं. लिहिताना ज्याच्या घरी फोटो नसेल त्याचं काय, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

"मॅडम, तुमच्याकडे आजीचा फोटो आहे का? तुम्ही शाळेत खूप फोटो काढायचे."

मी म्हटलं, शोधते.

खरंच खूप फोटो होते. संगणकावर त्या शाळेचं वेगळं फोल्डरच होतं. कार्ड हातात धरलेली मुलं, फळ्यासमोर गुरुजी, मुलांमध्ये बसलेली मी, ताईंची भेट, पुस्तकाचं प्रत्येक पान. मी दोन दिवस एकेक फोटो उघडून पाहिला. मावशी त्यात नव्हती. स्वयंपाकखोलीत अंधार असायचा, फोटो चांगले यायचे नाहीत, म्हणून मी तिथं कॅमेरा नेतच नसे. शेवटी एक सापडला. रांगेत बसलेली मुलं आणि डावीकडून ताटात खिचडी वाढणारा एक हात. कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या.

तो एक फोटो मोठा करून घेतला आणि पुढच्या खेपेला नेला. वाटेत मनात आलं होतं, सांगावं की संगणक बिघडला, फोटो गेले. पण मी तिला जसं होतं तसं सांगितलं. आजीचा फोटो आमच्याकडे नाही. आम्ही काढलाच नाही. फक्त हा हात आहे.

तिनं फोटो दोन्ही हातांनी धरला आणि उजेडाकडे केला. बराच वेळ पाहिला.

"ही आजी नाही," ती म्हणाली. "ही धाकटी आजी. आजीच्या हातावर गोंदण होतं, इथून इथपर्यंत." तिनं स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट नेऊन दाखवलं.

दोन वर्षं मी त्या हातांसमोर बसून शब्द उतरवून घेतले होते. मला गोंदण आठवेना.

मी म्हटलं, "मग चौकटीत चित्र काढशील?"

"मला तिचं चित्र येत नाही," ती म्हणाली. तिनं फोटो मला परत दिला, वही उघडली आणि चौकट तशीच सोडून खालची पाच वाक्यं लिहायला बसली. तिसऱ्या वाक्याला अडली. मला विचारलं, "गोंदण ऱ्हस्व की दीर्घ?"

मी म्हटलं, त्याला तसं काही नाही, जसं बोलतेस तसंच लिही.